मढीची यात्रा : गाव नसलेल्या माणसांचे गाव

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हाला एक काम दिले होते. प्रत्येकाने आपापल्या गावच्या यात्रेची माहिती जमवून चार पानांचे टिपण लिहायचे. वर्गातील मुलामुलींनी भराभर नावे सांगितली. कोणी मोहट्याची देवी घेतली, कोणी कोरठणचा खंडोबा, कोणी आगडगावचा भैरवनाथ. माझी पाळी आली तेव्हा मी गप्प राहिले. ज्या गावी आम्ही आज राहतो तेथे येऊन आम्हाला वीस वर्षेही झालेली नाहीत. तेथल्या ग्रामदैवताच्या यात्रेची वर्गणी आम्ही देतो, पण पालखीच्या वाटेवर आमचे घर येत नाही. आजोबांचे गाव कोणते म्हणून घरी विचारावे, तर आजी म्हणते, "कोंचं सांगू?" शेवटी मी उभी राहून म्हणाले, "सर, मढी घेऊ का? ते आमचे गाव नाही, पण वर्षातून एकदा आम्ही सगळे तेथे असतो." सर म्हणाले, "मग तेच तुमचे गाव. लिही." त्या टिपणात भर घालून हा लेख तयार केला आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगते. मी ज्या समाजात जन्मले त्याचे नाव या लेखात मुद्दाम घातलेले नाही. पुढे जे घरचे अनुभव येतील ते थोड्याफार फरकाने मढीला जमणाऱ्या कोणत्याही भटक्या समाजाचे आहेत. नाव घातले की दोष त्या एकाच समाजाच्या माथी बसतो, ही भीती मला वाटते.

स्थान आणि दैवत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) पूर्व भागात गर्भगिरीच्या डोंगररांगा पसरलेल्या आहेत. नाथसंप्रदायाची बरीच स्थाने या रांगांच्या आश्रयाने आहेत. मांजरसुंब्याला गोरक्षनाथांचा गड आहे. घाटशिरसजवळ वृद्धेश्वर आहे. पलीकडे बीड जिल्ह्यातील सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी असून तिला लोक मायंबा म्हणतात. आणि पाथर्डी तालुक्यात, तिसगावपासून जवळ, एका टेकडीवर कानिफनाथांची समाधी आहे. हीच मढी. मंदिराभोवती तटबंदी व दरवाजे असल्यामुळे लोक त्याला देऊळ न म्हणता 'गड' म्हणतात.

कानिफनाथ हे नवनाथांपैकी एक, जालिंदरनाथांचे शिष्य. हत्तीच्या कानातून त्यांचा जन्म झाला ही कथा धुंडिसुत मालू यांच्या 'नवनाथ भक्तिसार' या १८१९ सालच्या ग्रंथाने घरोघर पोचवली. मात्र मढीची जुनी माणसे त्यांना कान्होबा म्हणतात. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या स्थानाची दोन नावे नोंदलेली आहेत, कान्होबा आणि शाह रमजान माही सवार. आणि हिंदू व मुसलमान दोघेही येथे नवस बोलतात असे त्यात म्हटले आहे. एकाच समाधीला दोन नावांनी हाक मारणारी माणसे दीडशे वर्षांपूर्वी येथे येत होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गडावर डाळिंबाचे एक झाड आहे. नाथांची शिष्या डालीबाई हिच्या समाधीवरचे हे झाड, अशी श्रद्धा आहे. स्त्रिया त्याला नाडा बांधून नवस बोलतात. माझ्यासाठी आईने बांधलेला नाडाही तेथे कोठेतरी असेल.

गड बांधला कोणी?

मढीची एक कथा सर्वजण सांगतात. बाल शाहूराजे मोगलांच्या कैदेत असताना राणी येसूबाईंनी नाथांना नवस केला, की माझा मुलगा सुटला तर तुझा गड बांधीन. शाहूराजे सुटले आणि नवस फेडण्यासाठी गड, बारव व नगारखाना उभा राहिला. दगड फोडले, माती वाहिली, चुना मळला तो भटक्या जातींनी. गाढवांच्या पाठीवरून सारे सामान टेकडीवर चढले. म्हणून मढीच्या यात्रेत अठरापगड जातींना मान आहे.

इतिहासाचा विद्यार्थी येथे शंका घेईल. १६८९ साली रायगड पडला तेव्हा येसूबाई आणि शाहूराजे दोघेही कैद झाले. शाहूराजे १७०७ मध्ये सुटले, पण येसूबाईंची सुटका १७१९ पर्यंत झाली नाही. मग १७०७ नंतर लगेच त्यांनी गड कसा बांधविला? याचे उत्तर कथा देत नाही. परंतु एक गोष्ट कथेच्या बाजूने आहे. औरंगजेबाची छावणी अखेरच्या काळात नगरलाच होती आणि १७०७ साली तो येथेच वारला. त्याच्या छावणीबरोबर शाहूराजे आणि येसूबाईंनाही फिरवले जात असे. नगरहून मढी चाळीस-पन्नास किलोमीटरांवर आहे. छावणीत अडकलेल्या आईने जवळच्या जागृत दैवताला नवस बोलावा आणि पुढे मुलाच्या राज्यात तो फेडला जावा, यात अशक्य असे काही नाही.

मला मात्र कथेचा दुसरा अर्धा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी दगड वाहिले त्यांची नावे कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत. त्यांची नोंद राहिली ती मानाच्या रूपाने. होळीला गोवऱ्या कोणी आणायच्या, काठी कोणी न्यायची, याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपला इतिहास असा दरवर्षी करून दाखवून जपला.

यात्रेचा क्रम

मढीची यात्रा एका दिवसाची नाही. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत ती टप्प्याटप्प्याने चालते. गावात तर तिची चाहूल आधीच लागते. मढीकरांची होळी इतर गावांच्या पंधरा दिवस आधी पेटते. मग नाथांच्या समाधीला तेल लावण्याचा विधी होतो आणि गावकरी व्रतस्थ राहतात. तळण करायचे नाही, बाजेवर किंवा गादीवर झोपायचे नाही, शेतीची कामे बंद, लग्नकार्य बंद, प्रवास बंद. देवाला तेल लागले म्हणजे त्याच्या घरी लगीनघाई सुरू झाली; मग घरच्या माणसांनी स्वतःची हौस करू नये, असा त्याचा अर्थ एका आजीबाईंनी मला सांगितला.

पुढे हुताशनी पौर्णिमेला गोपाळ समाजाची मानाची होळी पेटते. नंतर काठ्यांचा सोहळा. उंच काठ्या वाजतगाजत गडावर नेऊन कळसाला भेटवतात. त्यांत कैकाडी समाजाच्या काठीला मान आहे. फाल्गुन वद्य पंचमी, म्हणजे रंगपंचमी, हा नाथांच्या समाधीचा दिवस. त्या दिवशी पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. मलिदा आणि रेवड्या हा येथला प्रसाद. शेवटी पाडव्याला पैठणहून गोदावरीचे पाणी कावडींनी येते, समाधीला स्नान घडते आणि यात्रा उलगडते.

फाल्गुन महिनाच का, याचा मी विचार केला. या दिवसांत रब्बीची सुगी उरकत आलेली असते, शेतकऱ्याच्या घरात धान्य असते, भटक्याच्या गाठीला दोन पैसे असतात, आणि ओढेनाले कोरडे असल्याने जनावरांसह कोठूनही वाट मिळते. चार महिन्यांनी पाऊस लागला की बिऱ्हाडाला एका जागी थांबावे लागते. त्याआधी सर्वांना भेटून घ्यायचे तर याहून चांगला मुहूर्त नाही. देवाचा दिवस आणि पोटाचे गणित येथे जुळलेले दिसते.

यात्रा कशासाठी?

मढीला 'भटक्यांची पंढरी' म्हणतात. परंतु पंढरीचा वारकरी दर्शन घेऊन आपल्या गावी परततो. आमच्या माणसांना परतायला गाव नव्हते. म्हणून गावात जे जे असते ते सर्व त्यांना या पंधरा दिवसांत मढीलाच उरकावे लागे. माझ्या टिपणातील मुख्य मुद्दा हाच आहे.

गावात चावडी असते. येथे झाडाखाली जातपंचायत बसे. वैदू, गोपाळ अशा अनेक समाजांच्या पंचायती मढीला भरत आणि वर्षभराचे तंटे तेथे सुटत. गावात सोयरसंबंध ओळखीने जुळतात. येथे पालापालांतून मुली पाहिल्या जात आणि सुपारी फुटे. गावात मयताची बातमी दारोदार जाते. येथे कोण मेले, कोण जन्मले, कोणाचे बिऱ्हाड कोणत्या मुलखाकडे सरकले, हे यात्रेत कळे. आजी सांगते, की तिचे वडील वारल्याचे तिला आठ महिन्यांनी मढीला समजले. ती पायथ्याशी बसून रडली, आणि मग सगळ्यांबरोबर गड चढली.

आणि गावाचा असतो तसा बाजारही. मढीचा गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीला भरतो तसाच हाही. कुंभार, वडार, बेलदार, वैदू, वीटभट्टीवाले असे गिऱ्हाईक असते. गुजरातेतून काठेवाडी गाढवे येतात. ती उंच आणि ताकदीची म्हणून त्यांचा भाव गावरान गाढवापेक्षा चढा. वय दातांवरून ठरते. दोन दातांचे ते दुवान, चार दातांचे चौवान, दात पुरे झालेले ते अखंड. माझे वडील गाढवाचा ओठ उचलून एका नजरेत वय सांगत. शाळेत न गेलेल्या माझ्या वडिलांचे हे ज्ञान मला लहानपणी फार मोठे वाटे. आजही वाटते.

हा बाजार आता ओसरत चालला आहे. भट्टीवरची माती ट्रॅक्टर वाहतो आणि ती खोदायला जेसीबी येतो. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १ लाख २० हजारांवर आली. सात वर्षांत दर पाचांतील तीन कमी झाली. आमची शेवटची दोन गाढवे वडिलांनी मढीच्याच बाजारात विकली. मी तेव्हा सातवीत होते. त्या पैशात माझी सायकल आली, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळले.

पंचायतीची दुसरी बाजू

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की जुने सारे चांगले होते. तसे मला म्हणायचे नाही. चावडीचा न्याय जसा गावात धनदांडग्यांचा, तसा पंचायतीचा न्याय पंचांचा.

माझ्या थोरल्या आत्याचे लग्न ती पाळण्यात असतानाच ठरले होते. मोठी झाल्यावर तिने त्या घरी नांदण्यास नकार दिला. मढीला पंच बसले. आत्याला बोलू दिले नाही. बाईने पंचांपुढे उभे राहून बोलण्याची रीत नव्हती. आजोबांना दंड ठोठावला गेला. तो भरेपर्यंत आमच्या पालाशी कोणी विस्तवही घेणार नाही, असे ठरले. सलग दोन यात्रांना आमचे पाल सर्वांपासून दूर, ओढ्याच्या पलीकडे पडले होते. तिसऱ्या वर्षी आजोबांनी जनावरे विकून दंड भरला. आत्या मात्र नांदायला गेली नाही. ती आजही आमच्याकडे असते आणि मढीला येत नाही. "नाथाशी माझं काय बी भांडान न्हाई," एवढेच ती म्हणते.

ज्या माणसाला गाव नाही त्याला जातीने टाकले तर तो जाणार कोठे? वाळीत टाकण्याची भीती गावकऱ्यापेक्षा भटक्याला अधिक, ती यामुळे. २०१३ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या विरोधात मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, परंतु काम थांबले नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हीही शिक्षा त्यात आहेत. हा कायदा मी आत्याला मराठीतून वाचून दाखविला. तिने सगळा ऐकून घेतला आणि विचारले, "हे तवा कुटं व्हतं?"

कागदाची गोष्ट

पंचायत गेली, कायदा आला. हे चांगले झाले. गाढव गेले, ट्रॅक्टर आला. त्याला इलाज नाही. सोयरीक आता मोबाइलवर जुळते. अशी यात्रेची एकेक कामे दुसऱ्यांनी उचलली. परंतु एक काम अजून कोणीच उचललेले नाही. माणसाला ओळखण्याचे.

बारावीनंतर शिष्यवृत्तीसाठी मला जातीच्या दाखल्याची गरज पडली. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख ठरलेली आहे. त्या तारखेपूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात कोणती, याचा पुरावा द्यावा लागतो. गावकऱ्याच्या घरी सातबारा असतो, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, नाहीतर कोतवाल बुकातील जन्माची नोंद तरी असते. आमचे आजोबा रस्त्याच्या कडेला जन्मले. जन्माची नोंद नाही, शाळा नाही, जमीन नाही. वडिलांनी तीन महिने खेटे घातले. "तुम्ही मूळचे कुठले?" या एकाच प्रश्नाशी प्रत्येक खेप संपे. आजीला हे समजेचना. ती म्हणे, "कागुद कशाला लागतोय? मढीला जाऊन इचारा म्हनावं. समदी वळखत्यात आपल्याला."

ती अडचण एकट्या आमची नव्हे. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला, त्यातही भटक्या-विमुक्तांकडे कागदपत्रे नसल्याचे दुखणे मांडलेले आहे. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ते पुस्तक मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून नेले, तेव्हा त्या नावाचा अर्थ मला कोणी समजावून द्यावा लागला नाही.

शेवटी आजीचेच खरे ठरले. त्या वर्षीच्या रंगपंचमीला मी वडिलांबरोबर पालापालांतून फिरले. एका म्हाताऱ्या बाबांपुढे जाऊन बसले. त्यांनी विचारले, "कुनाची गं तू?" मी आजोबांचे नाव सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पांढऱ्या गाढवीनवाल्याची व्हय?" मग त्यांनी आमची चार पिढ्यांची हकीकत सांगितली. पावसाळ्यात आमचे बिऱ्हाड शेवगावच्या बाजूला एका गावी, एकाच शेतकऱ्याच्या बांधाला वर्षानुवर्षे पडत असे. तेथल्या गुरुजींनी आजोबांच्या थोरल्या भावाला हाताला धरून शाळेत बसविले होते. "दोनच पावसाळं बसला त्यो. पर बसला व्हता," बाबा म्हणाले.

आम्ही त्या गावी गेलो. मुख्याध्यापकांनी जुने रजिस्टर काढून दिले. कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. १९५७ सालच्या पानावर चुलत आजोबांचे नाव होते आणि जातीच्या रकान्यात आमच्या जातीचे नाव, टाकाच्या शाईने, स्वच्छ अक्षरात. राहण्याच्या ठिकाणापुढे गुरुजींनी लिहिले होते, 'फिरते'. वडिलांना वाचता येत नाही. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, "हे काय लिव्हलंय?" मी वाचून दाखविले. ते हसले. त्या एका नोंदीवर मला दाखला मिळाला आणि मी आज या महाविद्यालयात आहे.

समारोप

या अनुभवावरून मी जो निष्कर्ष काढला तो थोडक्यात असा. मढीची यात्रा हा केवळ धार्मिक उत्सव नाही. गाव नसलेल्या लोकांनी वर्षातून पंधरा दिवस उभे केलेले ते गाव होते. त्या गावात अन्याय होता, तसाच आधारही होता. अन्याय कायद्याने दूर व्हावा. परंतु त्या गावाचे दप्तर म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि दरवर्षी त्यांतले काही जण कमी होतात. मला वाट दाखविणारे बाबा यंदाच्या यात्रेत नव्हते.

म्हणून यंदा मी दोनशे पानी वही घेऊन गेले. कोणाचे बिऱ्हाड पावसाळ्यात कोठे थांबे, बांध कोणाचा होता, जवळ शाळा होती काय, घरातील कोणी एक दिवस तरी त्या शाळेत बसले होते काय, असे चारच प्रश्न मी विचारले. दोन दिवसांत अकरा कुटुंबांच्या नोंदी झाल्या. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले अशा यात्रांत गर्दी आवरायला, पाणी वाटायला उभी असतात. ते काम चांगलेच आहे. पुढच्या रंगपंचमीला आपल्यापैकी पाच-सहा जण एकेक वही घेऊन मढीला आले, तर कितीतरी मुलामुलींच्या दाखल्याची वाट सापडेल. प्राध्यापकांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

मढीहून परत आल्यावर मी ती वही आजीला वाचून दाखविली. तिने दोन गावांची नावे दुरुस्त केली. मग म्हणाली, "समद्यांचं लिव्हलंस. माझ्या म्हायेरचं?" तिचे माहेर कोणत्याच रजिस्टरात नाही. तिच्या बापाचे पाल पावसाळ्यात कोठे पडे, शेजारी विहीर होती की ओढा, हे तिने संध्याकाळपर्यंत सांगितले. बारावी नोंद तिची आहे.